काफिया येण्याआधी

३ डिसेंबर १९७८, रविवार

"शेर संपला का लगेच बोलू नको, मास्तरीण. त्याले घरात घडीभर बसू दे."

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हे मला म्हणाले होते. खाणीच्या कॉलनीत मी नवीन होते, इथल्याच शाळेत नुकती लागले होते आणि वर्गात बोलायची सवय घरीही सुटत नव्हती. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाचा जुना रेडिओ यांनी घेतला होता. त्यावर सिनेमातली एक गझल लागली होती आणि ओळ संपल्या संपल्या मी विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का. तेव्हाचं हे वाक्य. रागावलेलं नव्हतं. पाहुणा दारातून आत येत असताना त्याच्यासमोर झाडू मारू नये, तसं सांगितल्यासारखं होतं.

मी भजनं आणि भीमगीतं ऐकत वाढलेली. गझल म्हणजे पिऊन गायचं गाणं, एवढंच माहीत. ऐकायला यांनी शिकवलं आणि यांना त्यांच्या उस्तादांनी, ज्यांनी यांना खाणीचं इंजिन चालवायला शिकवलं. पहिली ओळ नुसती विचारते. गाणारी ती दोनदा, तीनदा म्हणते, आपल्याला ताटकळत ठेवते. मग दुसरी ओळ येते आणि तिच्या टोकाशी यमक, म्हणजे काफिया. त्याच्यामागे प्रत्येक शेरात परत येणारा तोच शब्द. हे ऐकताना यांच्या उजव्या हाताचं बोट काफिया येण्याच्या जरासं आधी गुडघ्यावरून उठतं. कधी चुकत नाही. मला गाण्यापेक्षा त्या बोटाचीच वाट पाहायची सवय लागली.

आज सकाळी रेडिओ सिलोनवर यांची आवडती गझल लागली, जिचा प्रत्येक शेर 'इधर' या शब्दावर येऊन थांबतो. दुसऱ्या ओळीच्या मधोमध माझ्या तोंडून निघून गेलं, "दूधवाला आज आला नाही." मी जीभ चावली. हे डोळे उघडून माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "हो, हो."

दूध न आल्याला कोणी 'हो, हो' म्हणतं का? बोट मात्र बरोबर उठलं. पण माणूस घरात नव्हता. कुठे होता, हे मला कळायला हवं.

७ डिसेंबर

रेडिओचा आवाज आजकाल फार मोठा असतो. परवा समोरच्या शकुनबाईंनी ओट्यावरून ओरडून विचारलं, "काय वं बाई, सिनेमा लावला का घरात? आमालेबी तिकीट द्या!" मी आवाज कमी केला, तर यांनी उठून परत वाढवला. एवढ्या आवाजात गझल मरते, हे सांगणारा माणूस हाच.

मला एकच कारण दिसतं. आवाज मोठा असला की मी काही विचारू शकत नाही.

आणखी एक. मी बोलायला लागले की हे माझ्या तोंडाकडे टक लावून पाहतात. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नाही. मी खोटं बोलते की काय, हे तपासत असल्यासारखं. ज्याच्या मनात काही असतं, त्यालाच समोरच्याच्या मनात काही दिसतं.

१० डिसेंबर, रविवार

सकाळी गाणी संपली आणि हे सायकल काढायला लागले. मी मागून विचारलं, "कुठे?" उत्तर नाही. परत विचारलं. टायर दाबून पाहिला, पायजम्याला क्लिप लावली आणि निघाले. मी दारात उभी होते हे त्यांना माहीत होतं. माझी सावली त्यांच्या पुढ्यातच पडली होती.

दुपारी आल्यावर सांगितलं, तुमसरला गेलो होतो, रेडिओचा व्हॉल्व्ह पाहायला.

संध्याकाळी शकुनबाई साखर मागायला आल्या. साखर निमित्त होतं. "बाई, रागवू नका, पण आमच्या घरच्यायनं पायलं, मनून सांगतो. यादोराव भाऊची सायकल सिहोऱ्याले त्या ललिताबाईच्या दारात उभी होती. मागच्या रविवारीबी होती."

"कोण ललिताबाई?"

"अजी, नागपूरवरून रिटायर होऊन आली थे नर्स. एकटीच रायते. मी काई मनत नाई बापा. आपण कायले मनाव?"

शकुनबाईंचे यजमान मंगरूभाऊ खाली खाणीत काम करतात. साधा माणूस आहे, खोटं सांगणार नाही. मी साखर दिली, वर थोडी जास्तच दिली.

उशीचा अभ्रा धुवायला काढला. तेलाचा डाग, एकाच बाजूला. माझ्या घरातलं तेल असं वास मारत नाही. त्यांच्या डोक्याला कोण तेल लावून देतं?

११ डिसेंबर

विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

१५ डिसेंबर

आज शाळा लवकर सुटली म्हणून डबा घेऊन मीच इंजिनघरापर्यंत गेले. हे जे इंजिन चालवतात, त्याच्या दोरखंडावर माणसांचा पिंजरा खाणीत उतरतो आणि वर येतो. खाली काय चाललं आहे ते यांना दिसत नाही. खालून घंटी वाजते. किती वाजली त्यावरून थांबायचं, उतरवायचं की उचलायचं ते ठरतं, आणि माणसं बसली असली तर त्याची खूण वेगळी. हे नेहमी सांगतात, उस्तादांनी निवड केली ती हात पाहून नाही, कान पाहून. घंटीची वाट कशी पाहायची ते गझल शिकवते, असं उस्ताद म्हणायचे. दोन्हीकडे कान आधी पोहोचला पाहिजे, हात मागून.

खिडकीतून हे पाठमोरे दिसले. समोर, पिंजऱ्याच्या तोंडाशी डोमा उभा होता. डोमाचं काम पिंजऱ्याची साखळी लावायचं. पण तो आपलं काम सोडून सारखा इंजिनघराकडे पाहत होता आणि गमछा हातात घेऊन कधी वर करत होता, कधी खाली. मला पाहिलं तसा दचकला. गमछा एकदम खांद्यावर टाकला.

"वयनी! तुमी कायले आल्या जी? मी नेला असता ना डबा."

"का, मला यायची बंदी आहे का?"

"नाई जी, बंदी कायची? धूळ आहे इथं, मनून मनलं." आणि परत नजर त्या खिडकीकडे.

डोमाला सगळं माहीत आहे. कोण आलं, कोण गेलं, हे तो यांना इशाऱ्यांनी सांगतो. मी आले हेही त्यानं गमछ्यानंच कळवलं असणार, कारण मी हाक मारायच्या आधीच हे वळून पाहायला लागले. माझ्या घरात भाकर खाल्लेला माणूस हा.

परत येताना शकुनबाईंनी गाठलं. "बाई, तुमच्या मालकायले सांगा बापा, इंजिनावर बसून कोनाची याद काढत जाऊ नका मना. परवा पिंजरा अर्ध्यातच थांबला आन् मंग एकदम झटका देऊन वर आला. आमच्या मानसाचा खांदा सुजला. थे हसत होते, मने, यादोराव शायर झाले आता." असं म्हणून त्याही हसल्या. मीही हसले. घरी येऊन दार लावलं आणि मग मला राग आला. त्या बाईची आठवण त्यांना कामावरही सोडत नाही तर.

१७ डिसेंबर, रविवार

सिलोनवर आज एक गझल लागली, मी कधी न ऐकलेली. फार सुंदर. बाईचा आवाज अगदी बारीक, जवळजवळ बोलल्यासारखा, मागे फक्त सारंगी. पहिली ओळ तिनं तीनदा म्हटली. काफिया कुठला येणार ते मला कळलं, आणि मी यांच्या बोटाकडे पाहिलं.

बोट उठलं नाही.

दुसऱ्या शेराला नाही, तिसऱ्यालाही नाही. आणि तिसऱ्याचा काफिया असा होता की मी एकटीच 'वा' म्हणाले. ते माझ्या ओठांकडे पाहून मग 'वा' म्हणाले. उसनं.

माझ्याबरोबर नवीन काही ऐकायची त्यांना आता इच्छा उरली नाही. जुनी गाणी जुन्या संसारासारखी, सवयीनं चालतात. नवं असेल ते दुसरीकडे.

दुपारी परत सायकल. या वेळी मी 'कुठे' विचारलं नाही.

२० डिसेंबर, बुधवार

शाळेला रजा टाकली, एसटीनं सिहोऱ्याला गेले. वाटेत सगळीकडे धान मळणीला आलेलं, बायका हसत बोलत होत्या. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. नवं पातळ नेसले होते, याची आता लाज वाटते.

ललिताबाई साठीच्या पुढची निघाली. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, हातात विणकाम. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं झालं, आलात. मी त्यांना तेच सांगत होते."

"काय सांगत होतात?"

"त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही?"

"नाही."

"मग मी कसं सांगू, बाई? माझ्याकडे विश्वासानं आला आहे माणूस." मग तीच म्हणाली, "एवढं त्यांना म्हणा, माझ्याकडे येण्यात आता अर्थ नाही. माझ्यानं होतं ते मी केलं. आधी घरी सांगा, मग साहेबांना सांगा, असं मी दोनदा म्हटलं. ते ऐकून घेत नाहीत."

टेबलावर दोन टोकांचं, चिमट्यासारखं एक चकचकीत पोलाद होतं. माझी नजर गेली तशी तिनं ते उचलून टोपलीत लोकरीखाली ठेवलं. शेजारी तेलाची बाटली होती. वास ओळखीचा होता.

चहा पिऊन निघाले. म्हातारी आहे म्हणून माझी शंका जायला हवी होती, पण गेली नाही. उलट वाढली. जी गोष्ट साहेबांपर्यंत न्यावी लागते, ती काय असेल? यांनी खाणीत काही केलं आहे का? डोमा त्यात आहे का? ही बाई यांची कोण लागते, की तिला माहीत आहे आणि मला नाही?

२४ डिसेंबर, रविवार

हे नीट लिहून ठेवते.

सकाळी सिलोनवर 'इधर'ची गझल लागली. हे खिडकीकडे पाठ करून खुर्चीत, डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर. मी दारात भाजी निवडत होते. पहिला शेर झाला, बोट उठलं. मधलं वाजवणं सुरू झालं आणि वीज गेली. रेडिओच्या काचेमागचा पिवळा दिवा विझला. आवाज जरासा ओढल्यासारखा झाला आणि बंद पडला. बाहेर शकुनबाई कोंबड्यांना बोलावत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं.

हे डोळे मिटूनच होते.

मला वाटलं, लक्षात आलं नसेल. मी बोलणार होते. तेवढ्यात त्यांची मान किंचित हलली, दुसऱ्या शेराची पहिली ओळ सुरू झाल्यावर हलते तशी. ती ओळ गाणारी दोनदा म्हणते. त्यांनी दोनदा होण्याइतका वेळ वाट पाहिली. मग बोट उठलं. बरोबर जागेवर. आणि हे हळूच म्हणाले, "वा."

घरात काहीही वाजत नव्हतं.

मी "अहो" म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. मग हातातलं ताट मुद्दाम फरशीवर टाकलं. समोरून शकुनबाईंनी विचारलं, "काय पडलं वं?" हे तिसरा शेर ऐकत होते.

मी उठले, रेडिओजवळ गेले आणि तशीच उभी राहिले. वीज आली तेव्हा दुसरंच गाणं चालू होतं, कुठलंतरी नाचाचं. यांचं बोट शेवटच्या शेराच्या काफियाला उठलं.

उशीवर कानातून उतरलेला तेलाचा डाग, ओठांकडे पाहणं, मोठा आवाज, 'हो, हो', डोमाचा गमछा, त्या म्हातारीचं कानाशी वाजवून पाहायचं पोलाद. मी दिवसभर एक एक घेऊन उलटून पाहते आहे आणि प्रत्येकाच्या मागे तेच निघतं आहे.

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं आज मला वाटलं. हे मी लिहिते आहे, कारण ते खरं आहे. बाई असती तर माझं एकटीचंच नुकसान होतं. रोज सकाळी त्या पिंजऱ्यात शकुनबाईंचे मंगरूभाऊ उतरतात.

२५ डिसेंबर, सोमवार

मोठ्या दिवसाची, नाताळची सुट्टी. खाण बंद. जेवणं झाल्यावर मी त्यांच्या समोर बसले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी.

"तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी माझे ओठ पाहिले. मग म्हणाले, "कोनं सांगितलं? ललिताबाईनं?"

"रेडिओनं."

हसायला आल्यासारखं झालं त्यांना, पण हसले नाहीत.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. आधी बारीक आवाज गेले. सारंगी गेली. मंग बाईमानसाचे आवाज. त्यात तुया आवाज सगळ्यात आधी गेला, मास्तरीण. डोमाचा अजून येते थोडा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तं खरं झालं असतं."

मी घंटीचं विचारलं. ते खिडकीकडे पाहायला लागले, म्हणजे माझं बोलणं बंद. मी त्यांची हनुवटी धरून तोंड इकडे फिरवलं. असं मी त्यांना कधी केलं नव्हतं.

"घंटी ऐकू येते का?"

"पायातून येते. फळीले हादरा बसते ना तिचा."

"दर वेळी?"

"डोमा हात करते."

"आणि डोमा नसला? खोकला आला त्याला? धुकं असलं? त्या दिवशी पिंजरा अर्ध्यात थांबला तेव्हा डोमा कुठे होता?"

"तंबाखू मळून राहिला होता," ते म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज चढला. किती चढला हे आता त्यांना कळत नाही. "काई झालं का पन? झालं का काई? एवढ्या वर्षांत मायाच्यानं एक मानूस खरचटला नाई!"

"मंगरूभाऊंचा खांदा सुजला आहे."

मग हळू, अगदीच हळू बोलले, मलाच कान द्यावा लागला. "साहेबाले सांगतलं का मले हजेरीच्या खोलीत बसवतील. टोकन वाटाले. समोरचा आपलं नाव सांगन आन् मले थेही ऐकू नाई येनार. रेडिओ गेला, मी चूप रायलो. पाठ आहेत तेवढ्या गझला मी डोक्यात वाजवतो, तुले दिसलं तसं. पन इंजिन डोक्यात नाई चालत, मास्तरीण. इंजिन गेलं तं मी कोन?"

वर्गात मी रोज मुलांना विचारते, चूक कळली का, मग दुरुस्त कर. इथे समोर बसलेला माणूस चूक नव्हता. आयुष्यभर ज्या कानानं त्याला सगळं मिळालं, तो कान गेला होता आणि मी त्याच्याकडून उरलेलंही मागत होते.

"तू सांगशील का कोनाले?" त्यांनी विचारलं.

मी मान फिरवली. दारातून समोरचा ओटा दिसत होता. मंगरूभाऊ चांगल्या हातानं कोंबडीचं खुराडं बांधत होते आणि शीळ घालत होते, कुठल्यातरी सिनेमातल्या गाण्याची. सूर चुकत होता. हे माझ्याकडे पाहत होते आणि त्यांना माझे ओठ दिसत नव्हते. मी काही बोललेच नाही, हे त्यांना कसं कळणार होतं? त्यांनी आपला समज करून घेतला, मी सांगणार नाही. उठले आणि रेडिओ पुसायला लागले.

आता संध्याकाळ आहे. उद्या सकाळची पाळी. या दिवसांत वैनगंगेकडून धुकं येतं आणि इंजिनघराच्या खिडकीतून हातभर लांबचंही दिसत नाही. डोमाचा गमछा तर नाहीच. मी एकदा उठून शकुनबाईंच्या दारापर्यंत गेले होते. त्या म्हणाल्या, "काय पायजे बाई?" मी म्हणाले, साखर. परत आले. यांना न सांगता सांगणं मला जमलं नाही. पण ते 'नाही' म्हणाले तरी उद्या मला त्या दारात परत जावं लागेल, हे मला ठाऊक आहे, आणि त्यानंतर हे माझ्याकडे कसे पाहतील तेही.

म्हणून त्याआधी एकदा विचारायचं आहे. सकाळी सिलोन लावीन, बारीक आवाजात. त्यांना लागेल तेवढं ते स्वतःच डोक्यात वाजवून घेतील. मी मागून बोलणार नाही. समोर बसेन. बोट उठेल, शेर संपेल, तरी लगेच बोलणार नाही, त्याला घरात घडीभर बसू देईन. ते नाही म्हणणार. त्यांचं 'नाही' उठायच्या आधी मला दिसतं, जसा त्यांना काफिया. तरी विचारीन.

अहो, आज इंजिनावर जाऊ नका. माझ्याबरोबर साहेबांकडे चला. बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडे पाहत राहा.